दूरदेशीची रानफुले

पुण्यातल्या कोणत्याही बागेत संध्याकाळी घटकाभर बसा. शेजारच्या बाकावरून हमखास कानावर पडते ते परदेशी गेलेल्या मुलांचे पुराण. कोणाची मुलगी न्यू जर्सीला, कोणाचा मुलगा सिंगापूरला, तर कोणाच्या सुनेला सातवा महिना लागला म्हणून दोघेही पुढच्या महिन्यात निघालेली. जाऊन आलेल्या मंडळींत दोन तट असतात. एक तट तिकडचे रस्ते, तिकडची स्वच्छता आणि नळाचे पाणी यांचे गोडवे गातो, दुसरा “सोन्याचा पिंजरा हो!” म्हणून सुस्कारा सोडतो. गंमत अशी की दोन्ही तटांनी पाहिलेले असते एकच: मुलाचे घर, एक भलेमोठे दुकान आणि रविवारी मोटारीतून दाखविलेला एखादा धबधबा. सहा सहा महिने राहूनही त्या देशाची आणि आपली बोलाचाली होत नाही. बोलाचाली व्हायला कोठून तरी सुरुवात करावी लागते. माझी सुरुवात फुलांपासून झाली, आणि तीही बोटाएवढ्या, पायदळी येणाऱ्या रानफुलांपासून.

माझी मुलगी पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराजवळ राहते. शहराच्या पूर्वेला डार्लिंग नावाची डोंगररांग आहे, आणि त्या डोंगरात कलामुंडा नावाचे टुमदार गाव आहे. २०२२ सालच्या जुलैत मी तेथे उतरले तेव्हा नातू तीन आठवड्यांचा होता. हे जाऊन त्या वेळी दीड वर्ष झाले होते. पुण्याच्या घराला कुलूप लावून मी निघाले, ते बाळंतपणासाठी. पण पहिल्याच रात्री मुलीने मनातले बोलून टाकले.

“आई, आता परत जायचं नाही. तिकडे एकटी राहून करणार काय?”

मी “बघू” म्हटले. आपल्या घरांतून “बघू” हा शब्द फार उपयोगी आहे. त्यात होकारही नसतो, नकारही नसतो, आणि समोरच्याला राग मानायलाही जागा उरत नाही. परंतु तो शब्द उच्चारल्यापासून त्याचे ओझे माझ्याच उशाशी येऊन बसले.

दिवस तसे भरलेले होते. सकाळी बाळाचे न्हाणे, शेक, मुलीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. पण दहा वाजता बाळ झोपे, मुलगी झोपे, जावईबापू कामावर गेलेले असत, आणि मग बारापर्यंत घरात चिटपाखरू हालत नसे. रस्त्यावर माणूस नाही, भाजीवाला नाही, कोणाच्या कुकरची शिट्टी नाही. घराच्या मागे रस्ता संपून रान सुरू होत असे. ते रानही प्रथमदर्शनी मन रमविणारे नव्हते. राखी-हिरव्या पानांची उंच झाडे, खाली काटेरी झुडपे आणि तांबूस खडे.

शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहत. रोज दहाच्या सुमारास त्या आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन रानाच्या कडेने जात. तिकडच्या रीतीप्रमाणे “मला नावाने हाक मारा” असे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले. पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी नावापुढे “मिसेस” लावून मी तडजोड केली, आणि त्यांनी ती हसून चालवून घेतली. एके सकाळी त्या वाटेवर अचानक थांबल्या, काठीवर भार देऊन वाकल्या आणि मला खुणेने बोलावले. मीही वाकले. वीतभर दांड्यावर एक पिवळे-तपकिरी फूल उभे होते, आणि त्याला वर ताठ केलेले दोन कान होते! अगदी गाढवाचे कान. त्या फुलाचे इंग्रजी नावही तेच आहे: ‘डाँकी ऑर्किड’. नजर खाली बसली, आणि पाहते तो काय, त्या राखी झुडपांखाली दहा-बारा गाढवे कान टवकारून उभी होती.

माझा हात सवयीने पुढे झाला. माझे माहेर साताऱ्याचे. सकाळी परडी घेऊन फुले खुडायची सवय हाताला लहानपणापासूनची. बाईंनी हळूच माझे मनगट धरले. पश्चिम ऑस्ट्रेलियात सरकारी जमिनीवरचे रानफूल परवान्याशिवाय तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. मग घरी नेण्यासारखे एकच उरते: त्याचा फोटो.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेला कॅमेरा मी सोबत नेला होता, तो नातवाचे बारसे टिपायला. दुसऱ्या दिवसापासून तोच माझी परडी झाला. मोबाईलनेही फोटो निघतात, आणि चांगले निघतात. पण जवळून टिपणारे भिंग लावलेला कॅमेरा हाती असला की माणूस एका फुलापाशी दहा मिनिटे थांबतो. हळूहळू काही गोष्टी कळू लागल्या. भर उन्हात फूल पांढरेफटक येते. म्हणून आपल्याच छत्रीची सावली त्यावर धरावी. वारा असेल तर झुळूक सरेपर्यंत श्वास रोखून बसावे. फुलाच्या पातळीवर डोळा आला पाहिजे. म्हणजे साठी उलटलेल्या बाईने सरळ पोटावर पडावे, दुसरा इलाज नाही! आणि नुसते फूल टिपून भागत नाही. त्याची मागची बाजू, पाने, दांडा आणि सबंध झाड असे चार फोटो असले तरच पुढे पुस्तकात त्याचे नाव सापडते. तेथील ग्रंथालयातून मी जाडजूड पुस्तक आणले, आणि दुपारी बाळाला मांडीवर घेऊन फोटो आणि पुस्तक ताडून पाहू लागले.

नावे इंग्रजी आणि लॅटिन. ती तोंडात बसेनात, म्हणून मी माझ्यापुरती मराठी बारशी उरकली. गाढवाच्या कानांचा तो ‘गाढवकान्या’. लांब पाय पसरलेल्या कोळ्यासारखे ऑर्किड ते ‘कोळीफूल’. जांभळ्या, लखलखीत, जणू लाखेचा हात दिलेल्या पाकळ्यांचे ते ‘लाखफूल’. लाल देठाचा आणि हिरव्या, लवदार बोटांचा तो ‘कांगारूचा पंजा’. १९६० सालापासून त्याला त्या राज्याच्या राजपुष्पाचा मान आहे. आणि एक झुडूप असे निळे, की निळा रंग म्हणजे काय ते मला तेथेच कळले. त्याचे नाव लेशेनॉल्शिया. ज्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते ठेवले, तो लेशेनॉल पुढे १८१६ साली आपल्या पाँडिचेरीला आला आणि तेथल्या वनस्पतिबागेचा प्रमुख होता, हे वाचून त्या निळ्या फुलाशी एकदम दूरचे नाते निघाल्यासारखे वाटले.

पण खरे नाते पायाखाली निघाले. वाटेवरचे ते तांबूस खडे हाती घेऊन पाहिले तर तो आपला जांभा! कोकणात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात, आणि साताऱ्याजवळ कासच्या पठारावर ज्याचा थर पसरला आहे, त्याच जातीचा दगड. शास्त्रात त्याला ‘लॅटराइट’ म्हणतात, आणि ते नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या जांभ्यावरूनच दिले. कासला भाद्रपदात सोनकी, तेरडा, सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात ते याच दगडावरच्या वीतभर मातीत. लहानपणी आम्ही ते पाहिले तेव्हा तेथे तिकीटही नव्हते आणि गर्दीही नव्हती. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेले.

जांभ्यावर इतकी फुले का, हा प्रश्न मला माहेरी कधी पडला नव्हता. तो तेथे पडला. ऑस्ट्रेलियाच्या त्या नैर्ऋत्य कोपऱ्यात वनस्पतींच्या आठ हजारांवर जाती आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जगात दुसरीकडे कोठेच आपसूक उगवत नाहीत. सबंध ब्रिटनमध्ये मूळच्या जाती दीड हजाराच्या आसपास आहेत, यावरून या संपत्तीची कल्पना यावी. ही संपत्ती काळ्याभोर कसदार जमिनीची असेल असे कोणालाही वाटेल. पण ती जमीन जगातल्या अगदी निकृष्ट जमिनींपैकी आहे. तेथील खडक कोट्यवधी वर्षांचे जुने. ज्वालामुखींनी तेथे नवी माती आणून टाकली नाही, हिमनद्यांनी अलीकडच्या युगांत खडक दळून दिला नाही, आणि पावसाने आहे तो कस धुऊन नेला. अशा ठिकाणी एकच दांडगे झाड सगळ्यांना दडपून वाढू शकत नाही. जो तो आपापल्या युक्तीने चिमूटभर जागेत संसार मांडतो. म्हणून जाती वाढतात. दारिद्र्याने तेथे बुद्धी शिकविली आहे, असे म्हणा ना!

आणि काय एकेक युक्त्या! जमिनीला चिकटलेली, तांबूस पानांची एक चकती दिसते. तिच्या केसाकेसावर चिकट थेंब चमकत असतात. हे आपल्या कासचे दवबिंदू. मातीत जे मिळत नाही ते चिलटे धरून मिळविणारे. कासला त्याच्या दोन-तीन जाती, तिकडे शंभराच्या घरात. गाढवकान्या ऑर्किडमध्ये मध नसतो. पण शेजारच्या वाटाण्याच्या कुळातल्या झुडपासारखा वेष घेऊन तो माशीला फसवितो. ‘हॅमर ऑर्किड’ तर त्याच्याही वरताण. तिकडे एका जातीच्या गांधीलमाशीच्या माद्यांना पंख नसतात. गवताच्या टोकावर बसून त्या नराची वाट पाहतात आणि नर त्यांना उचलून नेतो. ऑर्किडची पाकळी हुबेहूब त्या मादीसारखी दिसते आणि तिला वासही तोच. नर तिला उचलू जातो, पाकळी बिजागरीवर फिरते, आणि नवरदेव परागांवर जाऊन आपटतात! १९२८ साली कॉरिगिन गावाजवळ एका शेतकऱ्याला तर जमिनीच्या आत फुलणारे ऑर्किड सापडले; मातीला गेलेली भेग आणि तिच्यातून येणारा सुगंध एवढ्यावरून.

आगीचेही तसेच. वणवा गेल्यावर त्या रानात फुलांना ऊत येतो, हे सर्वांना ठाऊक होते. बियांना जाग आणणारा गुण उष्णतेइतकाच धुरात आहे, आणि धुरातले ते नेमके द्रव्य कोणते, हे २००४ साली पर्थच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्या जातीच्या द्रव्यांना ‘कॅरिकिन’ म्हणतात. धूर या अर्थाच्या नूंगार भाषेतल्या शब्दावरून ते नाव घेतले. नूंगार हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांच्या पंचांगात ऋतू किती, ठाऊक आहे? सहा! आणि आपल्यासारखेच दोन दोन महिन्यांचे. ऑगस्ट-सप्टेंबरचा ‘जिल्बा’, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ‘कंबारांग’. कंबारांग हा रानाच्या ऐन बहराचा ऋतू. आपली दिवाळी बहुधा त्यातच येते. वसंत, ग्रीष्म, वर्षा म्हणून बोटे मोजायला शिकलेल्या मला, गोऱ्यांच्या चार ऋतूंपेक्षा हे सहा आपलेसे वाटले.

सप्टेंबरात नातवाला तीन महिने झाले तेव्हा जावईबापूंनी आम्हाला उत्तरेला मुलेवा गावाकडे नेले. पर्थपासून चारशेहून अधिक किलोमीटरांवर, वाळवंटाच्या उंबरठ्यावर, गुलाबी आणि पांढऱ्या ‘एव्हरलास्टिंग’ फुलांचे पट्टे क्षितिजापर्यंत पसरलेले होते. ही फुले हाताला कागदासारखी कोरडी लागतात आणि वाळली तरी रंग सोडत नाहीत. पिंडार नावाच्या वस्तीजवळ रस्त्याच्या कडेच्या खडीत ‘रीथ’ फूल पाहिले: जमिनीवर कोणी वेणी गोल करून ठेवावी तसे, मध्ये हिरवे, कडेने लाल-पांढऱ्या फुलांचा फेर. फोटो काढायला मी आडवी झाले, आणि मान वर करून पाहते तर माझी मुलगीही बाळाला नवऱ्याच्या हाती देऊन शेजारी आडवी झालेली! नऊ वर्षे ती त्या देशात होती. पण जमिनीशी नाक लावून तिने तो पहिल्यांदाच पाहिला.

याच सुमारास ग्रंथालयातल्या बाईंनी मला जॉर्जियाना मॉलॉयचे चरित्र दिले. १८३० साली ही पंचविशीतली बाई नवऱ्याबरोबर तेथे आली आणि दक्षिणेच्या टोकाला ऑगस्टा येथे रानात राहू लागली. पहिले मूल जन्मून थोड्याच दिवसांत गेले. १८३६च्या अखेरीस कॅप्टन मँगल्स नावाच्या गृहस्थाचे लंडनहून पत्र आले: सोबत विलायती बिया पाठविल्या आहेत, बदल्यात तिकडच्या रानफुलांच्या बिया पाठवाव्या. त्यानंतर वर्ष लोटते न लोटते तोच, दीड वर्षाचा एकुलता मुलगा विहिरीत पडून गेला. अशा वेळी बाईने काय करावे? ती रानात जाऊ लागली. मुलींना बरोबर घेऊन, नूंगार लोकांकडून ठावठिकाणे विचारून, तिने बिया आणि वाळविलेली फुले जमवून धाडली. तिने पाठविलेल्या बियांतून इंग्लंडच्या बागांत फुले उमलली. ती स्वतः मात्र परत गेली नाही. १८४३ साली, सातव्या बाळंतपणानंतर, सदतिसाव्या वर्षी तिकडेच वारली. एका बोरोनियाच्या झुडपाला आज तिचे नाव आहे. ते चरित्र मी दोनदा वाचले. दुःखाला माणूस सांत्वन शोधतो, पण तिने काम शोधले; आणि ते काम खाली वाकूनच करायचे होते.

उशाशी बसलेला तो “बघू” अजून गेला नव्हता. गंमत म्हणजे तेथली झाडेही त्या प्रश्नावर एकमत होत नसत. पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये एक प्रचंड ‘बोआब’ आहे. आपल्या गोरखचिंचेचा सख्खा भाऊ. वय सुमारे साडेसातशे वर्षे. उत्तरेत रस्त्याचे काम निघाले म्हणून २००८ साली ते ३,२०० किलोमीटरांचा प्रवास करून तेथे आणले, आणि ते जगले. मुलगी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बघ, त्या वयातही रुजतात!” घरी आल्यावर शेजारच्या बाईंच्या अंगणातली बँक्सिया पाहिली. हिला आपल्या बागेतले साधे खत घालायचे नाही, असे त्यांनी सांगितले. निकृष्ट मातीतून कणकण स्फुरद वेचायची तिच्या मुळांना सवय. पोटभर घातले तर ती मरते. मी ते ऐकून घेतले आणि मुलीला काही बोलले नाही. सगळे सुख हाताशी आणून दिले की काही मुळांना करण्यासारखे काम राहत नाही.

नोव्हेंबर सरला, ऊन कडक झाले, आणि ऑर्किडे एकामागून एक नाहीशी झाली. शेजारच्या बाई म्हणाल्या, “गेली नाहीत, खाली कंद आहेत. पाऊस आला की येतील.” डिसेंबरात मात्र एक झाड उन्हाला न जुमानता नारिंगी-पिवळे पेटले. त्याला इंग्रज ‘क्रिसमस ट्री’ म्हणतात, नूंगार ‘मूजार’. आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाच्या कुळातले हे झाड. जमिनीवर स्वतंत्र उभे राहते, पण खालून शेजाऱ्यांच्या मुळांना कात्री लावते. नूंगार लोक त्याची फांदी तोडत नाहीत. गेलेल्या माणसांचे आत्मे पुढच्या प्रवासाला जाण्यापूर्वी त्या फुलांवर विसावतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. ह्यांच्या कॅमेऱ्याने त्या झाडाचा फोटो काढताना माझा हात थोडा हालला. तो फोटो पुसट आला आहे. मी तो टाकून दिला नाही.

त्या रात्री मी मुलीला सांगितले, “मी जानेवारीत जाईन, आणि दरवर्षी श्रावणात येईन. दिवाळी तुमच्याबरोबर करीन, मूजार फुलला की परत.”

दोन दिवस ती माझ्याशी मोजकेच बोलली. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना म्हणाली, “म्हणजे ऑर्किडसारखी?”

“हो. कंद पुण्यात.”

ती हसली, आणि मग तिने डोळे पुसले.

निघण्यापूर्वी शेजारच्या बाईंनी रानाच्या तोंडाशी बसविलेल्या ब्रशवर मला बूट घासायला लावले. मातीतून पसरणाऱ्या एका रोगाने तेथल्या शेकडो जातींची मुळे कुजतात, आणि तो रोग माणसांच्या बुटांना चिकटून हिंडतो. म्हणून आत जाताना आणि बाहेर येताना बूट साफ करायचे. आपल्या देवळात जाण्यापूर्वी पाय धुतात त्याची मला आठवण झाली. कासला जाणाऱ्यांनीही एवढे भान ठेवले तर किती बरे होईल! दर रविवारी तेथे फुलांत बसून फोटो काढून घेणारी मंडळी पाहिली, की वाटते, यांना कोणीतरी प्रेमाने मनगट धरून थांबवायला हवे.

ठरल्याप्रमाणे जाणे-येणे चालू आहे. मी पुण्यात असते तेव्हा मुलगी रविवारी रानात जाते आणि फोटो पाठविते: फूल, मागची बाजू, पाने, सबंध झाड, असे चारही. मी पुस्तक उघडून नाव शोधते. दोघींचा वाद होतो, कधी ती जिंकते, कधी मी. पूर्वी फोनवर “जेवलीस का, औषध घेतलंस का” संपले की दोघींना बोलायला विषय नसे. आता फोन खाली ठेववत नाही. नातू तीन वर्षांचा झाला आहे. परवा त्याने वाटेवर स्वतःच उकिडवे बसून आईला ओढले आणि ओरडून सांगितले, “गाढवकान्या!” त्या फुलाला त्या देशात दुसरे काही नाव आहे, हे त्याला अजून ठाऊक नाही.